टँकरचं पाणी, टीडीएस ११४०. आरओ घ्यायचाय, आधी काय बघू?

कल्याणी_वाघोली | ९ मार्च

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी आम्ही कोथरूडहून वाघोलीला राहायला आलो. तिकडे खडकवासल्याचं पाणी, बारा वर्षं साधं यूव्हीचं (किरणांनी जंतू मारणारं) मशीन वापरलं आणि पाण्याचा कधी विचारच करावा लागला नाही. इथे सोसायटीला बोअर आणि टँकर. पहिल्याच आठवड्यात किटलीच्या तळाला पांढरा थर बसला, तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त लागायला लागल्या, चहावर तेलकट तवंग दिसायला लागला आणि सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणतायत की पाणी मचूळ लागतंय. दोनशे रुपयांचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर मागवला तर आकडा ११४०, आईकडे कोथरूडला तोच मीटर नळाखाली धरला तर ९०. मग मात्र काळजी वाटायला लागली.

काल एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला येऊन गेला. दोन काचेचे ग्लास, एकात आमचं पाणी आणि एकात त्याने आणलेलं आरओचं, दोन्हीत सळ्या असलेलं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या ग्लासात हिरवट तपकिरी गाळ, वर काळपट फेस, आणि त्याचा ग्लास जवळजवळ तसाच स्वच्छ. "मॅडम, हे तुम्ही रोज पिताय" म्हणाला. सासूबाईंनी त्या दिवशी घरचं पाणी प्यायलंच नाही, शेजारून बाटली आणली. मशीन २३ हजारांचं, त्यात आरओ, यूव्ही, यूएफ (बारीक गाळणी), कॉपर, अल्कलाईन सगळं. सोसायटीतल्या दुसऱ्या एकाने साडेआठ हजारात असेंबल केलेलं बसवलंय आणि तो पण खूश आहे.

मे महिन्यात नणंद बाळंतपणाला आमच्याकडे येतेय त्यामुळे हे नुसतं चवीपुरतं राहिलेलं नाही. काय बघून घ्यावं, आणि घेतल्यावर नीट कसं सांभाळावं? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

निळू_डोंबिवली | ९ मार्च

आरओच्या मी पूर्ण विरोधात आहे हे आधीच सांगतो. एक लिटर प्यायला मिळवायला तीन लिटर गटारात. धरणाचं पाणी येणाऱ्या घरात, जिथे टीडीएस शंभरच्या आसपास असतो, तिथे लोक शेजाऱ्याने घेतला म्हणून आरओ लावतात आणि असलेले चार क्षार पण काढून टाकतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओला बंदी आणा असं सांगितलं होतं ते उगाच नाही. तुमचं जुनं यूव्ही आणा परत आणि पाणी उकळा.

---

केमिस्ट्रीच्या_बाई | ९ मार्च

निळू, तुमचं म्हणणं धरणाच्या पाण्याला शंभर टक्के लागू आहे, मी स्वतः आरओ वापरत नाही. पण कल्याणीचं पाणी ११४० आहे हो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे ११४० हे विष नाही पण रोज प्यायला चांगलंही नाही. आणि उकळून क्षार जात नाहीत, पाण्याची वाफ होते आणि क्षार भांड्यातच राहतात, उलट थोडे दाट होतात.

कल्याणी, आता त्या सळ्यांचं. मी एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आणि हा प्रकार बघितला की माझा जीव तुटतो, कारण घाबरतात त्या घरातल्या आज्या. त्या यंत्रात एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि ती सळी विरघळते. तो हिरवट तपकिरी गाळ त्या लोखंडाचा आहे, तुमच्या पाण्यातला नाही. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही आणि ग्लास स्वच्छ दिसतो. तो माणूस परत आला तर त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा.

टीडीएस मीटरसुद्धा पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. जंतू, कीटकनाशकं, यातलं काहीच त्याला दिसत नाही. ९० टीडीएसच्या पाण्यात जंतू असू शकतात आणि ११४० चं पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं. म्हणून मशीन घ्यायच्या आधी एकदा लॅबमधून तपासणी करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, खाजगी पण आहेत. कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतू, निदान एवढं बघाच. घरात तान्हं बाळ येणारे, नायट्रेट विसरू नका.

---

आरओ_दुरुस्ती_नाशिक | १० मार्च

बाईंना अनुमोदन. चौदा वर्षं हेच काम करतोय, सळ्यांचा डेमो मी आजपर्यंत एकाही घरात केलेला नाही.

ताई लॅबचा रिपोर्ट आला की इथे टाका मग बोलू. तोपर्यंत एवढंच सांगतो की मशीन म्हणजे आतमधे सगळ्यांचं सारखंच असतं, बाहेरचा डबा वेगळा. आधी स्पन म्हणजे तो पांढरा दोऱ्याचा फिल्टर जो माती गाळ अडवतो, मग कार्बन जो क्लोरीन आणि वास घेतो, मग पंप जो प्रेशर देतो आणि मग मेम्ब्रेन, क्षार अडवायचं खरं काम तेच करतं. कार्बन कशाला तर क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं म्हणून. टँकरवाले टीसीएल (क्लोरीनची) पावडर कधी जास्त टाकतात कधी टाकतच नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे कार्बन वेळेवर बदलणं फार महत्त्वाचं. लोक कार्बनचे तीनशे रुपये वाचवतात आणि दीड हजाराचं मेम्ब्रेन घालवतात, हे मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो.

---

पूर्णाकाठ | १० मार्च

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. आमच्या हातपंपाचं पाणी २८०० च्या वर. गुरं सुद्धा तोंड फिरवतात. आमच्या भागात किडनीच्या आजाराची माणसं घरोघर आहेत, माझा मोठा काका त्यातच गेला. त्यामुळे आरओच्या विरोधात असं कोणी सरसकट लिहिलं की वाईट वाटतं. आम्हाला दुसरं पाणीच नाही. गावात पाच रुपयात वीस लिटरचं मशीन बसलं तेव्हा माय पहिल्यांदा म्हणाली की डाळ लवकर शिजली.

कल्याणीताई, घरगुती मशीनवर साधारण २००० पर्यंतच लिहिलेलं असतं, तुमचं त्याच्या आत आहे, चिंता नको.

---

निळू_डोंबिवली | १० मार्च

पूर्णाकाठ, मनापासून माफी. मी माझ्या नळाकडे बघून लिहिलं. जिथे पाणीच खारं तिथे माझा विरोध नाही.

---

कल्याणी_वाघोली | २१ मार्च

रिपोर्ट आला. कठीणपणा ५२० (ठीक म्हणजे २०० पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर ६००). फ्लोराईड ०.७, मर्यादेत. नायट्रेट ६१, मर्यादा ४५ आणि त्यात सूट नाही. कोलिफॉर्म जंतू आढळले असंही लिहिलंय.

आणि बाई, तो डेमोवाला परत आला होता. मी त्याच्याच ग्लासात मिठाची चिमूट टाकली. आधी तो नको नको म्हणत होता, मग दाबलं बटण. तसाच हिरवट गाळ, तसाच फेस. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी त्या मुलाला चहा करून दिला, त्याला पण कंपनीने तसंच शिकवलेलं असणार. मशीन मात्र त्याच्याकडून घेतलं नाही.

---

केमिस्ट्रीच्या_बाई | २१ मार्च

नायट्रेटचं लक्षात घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध पाण्यात कालवून द्यायची वेळ आली तर जास्त नायट्रेटमुळे रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. नायट्रेट यूव्हीने जात नाही, यूएफने जात नाही, उकळून तर वाढतं. घरच्या घरी आरओनेच कमी होतं. म्हणजे तुमच्या बाबतीत प्रश्न सुटला, आरओ हवाच. जंतू आढळलेत म्हणून सोबत यूव्ही असलेला बघा. आणि हा रिपोर्ट सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, टाकीत जंतू म्हणजे ती धुवायला झालीय.

---

आरओ_दुरुस्ती_नाशिक | २२ मार्च

आता मशीनचं बोलू. सगळ्यात पहिलं म्हणजे फिल्टर स्टॅंडर्ड साइझचे आहेत का बघा. काही मशीनमधे कंपनीचंच बंद काडतूस बसतं, बाहेरचं बसत नाही, मग ते सांगतील तो भाव आणि ते येतील तेव्हा. ज्यात साधं इनलाईन फिल्टर आणि नेहमीचं ७५ किंवा ८० जीपीडीचं मेम्ब्रेन बसतं ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन, ७५ म्हणजे तासाला बारा लिटरच्या आत बाहेर. चौघांच्या घराला पुष्कळ झालं. थंडीत धार बारीक होते, तेव्हा मेम्ब्रेन गेलं म्हणून घाबरायचं नाही.

दुसरं टाकी. झाकण निघतं का आणि हात आत जातो का. हात जात नसेल तर ती टाकी आयुष्यात धुतली जाणार नाही.

तिसरं टीडीएस कंट्रोलर, आणि हे ताई नीट वाचा. मेम्ब्रेनच्या मागे एक छोटा स्क्रू असतो किंवा नॉब. तो उघडला की थोडं कच्चं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून सरळ चांगल्या पाण्यात मिसळतं. चव बरी लागते, मीटरवर आकडा १५०-२०० दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण तुमच्या त्या कच्च्या पाण्यात नायट्रेट आहे. तुमच्या मशीनमधे तो पूर्ण बंद पाहिजे. बसवणाऱ्याला समोर उभं राहून बंद करायला लावा. चव सपक वाटली तर चालेल, मिनरल काडतूस वेगळं लावता येतं, पण ते पण काही महिन्यात संपतं. कॉपर अल्कलाईनसाठी पाच-सहा हजार जास्त देऊ नका असं माझं मत.

कठीणपणा ५२० आहे तर अँटिस्केलंट (क्षारांचा थर बसू न देणारं काडतूस) लावून घ्याच, नाहीतर तुमच्या किटलीत बसतो तोच थर मेम्ब्रेनवर बसतो. आणि मशीनच्या बाहेर वेगळा प्री-फिल्टर, पारदर्शक भांड्याचा, म्हणजे आतला स्पन किती मळला ते रोज डोळ्याला दिसतं. मुदत पावसाळ्यावर आणि टँकरवर असते, रंग बघून बदलायचं.

---

सिंहगडरोडकर | २२ मार्च

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले, ते दिवस मी विसरणार नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू महिनाभर दवाखान्यात होत्या. तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो की आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला काय होतंय. मग माझ्या भावाने आमच्या मशीनची टाकी उघडली. आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर बुळबुळीत थर बोटाला आला. त्याने मला ते बोट दाखवलं, मला अजून आठवतं.

कारण असं की कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे टाकीत साठलेल्या पाण्याला राखण करणारं काहीच उरत नाही. मशीन कितीही चांगलं असलं तरी साठवण स्वच्छ नसेल तर उपयोग नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टाकी रिकामी करून हाताने घासते, तोटी काढून ब्रशने आतून साफ करते आणि पुन्हा भरलेली पहिली टाकी फरशीला वापरते. गावाला आठ दिवस गेलो तर जाताना टाकी रिकामी आणि वीज बंद, आल्यावर पहिली टाकी सोडून द्यायची.

---

कल्याणी_वाघोली | ५ एप्रिल

मंडळी मशीन बसलं. स्टॅंडर्ड फिल्टरवालं, यूव्ही आहे, कॉपर नाही, टाकीत माझा हात कोपरापर्यंत जातो. अँटिस्केलंट आणि बाहेरचा प्री-फिल्टर धरून साडेतेरा हजार. नाशिकचे दादा, कंट्रोलर समोर उभी राहून बंद करून घेतला, बसवणारा म्हणाला पहिल्यांदाच कोणी हे सांगितलं. पहिल्या दोन टाक्या सोडून दिल्या. आता टीडीएस आत ११४०, बाहेर ७४.

वाया किती जातं ते मोजलं. दोन नळ्या दोन बादल्यांत, दहा मिनिटं. चांगलं १.९ लिटर, टाकाऊ ५.६. म्हणजे एकास तीन. ते बघून पोटात कालवलं, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाला सहा टँकर लागतात. रिजेक्टची, म्हणजे टाकाऊ पाण्याची, नळी कोरड्या बाल्कनीत पन्नास लिटरच्या पिंपात सोडलीय, फरशी, संडास आणि भांड्यांची पहिली विसळणी त्यातच होते. पहिल्या आठवड्यात झाडांनाही घातलं, पण कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या. मग पिंपात मीटर बुडवला तर १५००. क्षार सगळे तिकडेच जाणार ना, माझ्या आधी लक्षात यायला पाहिजे होतं. झाडांना बंद केलं.

सोसायटीतले एक जण म्हणाले त्यांच्या माणसाने काहीतरी बदलून टाकाऊ पाणी निम्म्यावर आणलंय. करावं का?

---

आरओ_दुरुस्ती_नाशिक | ५ एप्रिल

अजिबात करू नका. टाकाऊच्या नळीत एफआर नावाची छोटी नळी असते, ती पाणी अडवून मेम्ब्रेनवर दाब धरते आणि क्षार वाहूनही नेते. बारीक एफआर लावला की वाया कमी जातं पण तुमच्या ५२० कठीणपणाच्या पाण्यात क्षार मेम्ब्रेनवरच बसतात. कमी टीडीएसला चालतं, तुम्हाला नाही. तुमचं पिंप हाच बरोबर उपाय.

एक वही करा. आठवड्यातून एकदा तारीख, आत किती, बाहेर किती. नुसतं बाहेरचा आकडा बघून उपयोग नाही कारण टँकर बदलला की आतला बदलतो. आतल्याच्या नव्वद टक्के अडतंय तोवर उत्तम, ऐंशीच्या खाली गेलं की मेम्ब्रेन बदला. आणि फिल्टर बदलायला येणाऱ्याला नवीन पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यावर मार्करने तारीख लिहा. जुनं मेम्ब्रेन परत देऊ नका, दाभणाने भोक पाडून टाकून द्या, नाहीतर अॅसिडने धुऊन दुसऱ्याच्या घरी जातं.

---

पूर्णाकाठ | ६ एप्रिल

कार्बन संपला की नाही हे बघायला आमचे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी टेस्टचं औषध वापरतात ते घ्या. कार्बनच्या पुढच्या नळीतलं पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन पुढे जातंय, कार्बन बदला. ते पाणी पिऊ नका, फेकून द्या.

---

कल्याणी_वाघोली | १४ डिसेंबर

खूप महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं.

नणंदेला मुलगी झाली. दूध कमी पडलं म्हणून दुसऱ्या महिन्यापासून वरचं दूध द्यावं लागलं आणि ते याच पाण्यात. जूनमध्ये आरओचं पाणी लॅबला दिलं होतं, नायट्रेट ७ आलं. तो कागद मी फ्रिजला लावून ठेवलाय.

वही ओट्याच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. १ जून, ११२० आणि ७०. १० ऑगस्ट, ६४० आणि ४१, पावसाने पाणी बरं झालं. ९ नोव्हेंबर, ९८० आणि ६२. १० तारखेला सर्व्हिसचा माणूस आला, स्पन आणि कार्बन बदलला, मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत होते. जाताना म्हणाला, ताई पाण्याची चव सुधारून दिलीय. मला तेव्हा काहीच खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी वही लिहायला मीटर बुडवला तर ९८० आणि २३८.

पहिलं मनात आलं मेम्ब्रेन गेलं. मग दादांची मार्चमधली पोस्ट परत वाचली, झाकण उघडलं, टॉर्च लावून मेम्ब्रेनच्या मागे बघितलं. तो छोटा पांढरा नॉब जवळजवळ अर्धा उघडा. हिशोब केला तर दर पाच ग्लासांत एक ग्लास कच्चं पाणी. बाईंना फोन केला (हो, मागे इथल्याच मेसेजमधून ओळख झाली), त्यांनी गणित मांडून सांगितलं की जुन्या रिपोर्टप्रमाणे नायट्रेट तरीही सतरा-अठराच्या आसपास, मर्यादेत आहे, घाबरू नकोस. पण पुढचा टँकर कुठल्या विहिरीचा असेल आणि त्यात काय असेल हे मला कसं कळणार? नॉब हाताने बंद केला, टाकी रिकामी केली, दुसऱ्या दिवशी ६४. त्यावर आता लाल टेप लावून लिहिलंय, "हात लावू नये. घरात बाळ आहे."

सर्व्हिसच्या माणसाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला बऱ्याच घरी लोक सपक पाण्याची तक्रार करतात म्हणून आम्ही सगळीकडे उघडतो. बऱ्याच घरी!

वाघोली, वाकड, हिंजवडी, कुठेही बोअर-टँकरवर असाल तर आज झाकण उघडून तो नॉब बघा.

---

आरओ_दुरुस्ती_नाशिक | १४ डिसेंबर

ताई बाळाला आशीर्वाद. आज दुपारी माझ्या दोन्ही पोरांना, म्हणजे कामावरच्या, ही पोस्ट वाचून दाखवली. यापुढे आम्ही कुठल्याही घरी नॉबला हात लावायच्या आधी कच्च्या पाण्याचा रिपोर्ट मागणार, नसेल तर बंदच ठेवणार.

नॉबची जात कुठली आहे? काही स्क्रू पूर्ण आवळले तरी थोडं झिरपतं. टाकी रिकामी करून फक्त मेम्ब्रेनच्या नळीतलं पाणी मोजा आणि मग टाकीतलं मोजा. दोन्हीत दहापेक्षा जास्त फरक आला तर तो जोडच काढून तिथे साधा सरळ कनेक्टर बसवून घ्या, तीस रुपयांचं काम आहे.

---

कल्याणी_वाघोली | १५ डिसेंबर

मोजलं. नळीत ६१, टाकीत ६४. तरी शनिवारी कनेक्टर बसवून घेते.